विलंबाला सक्त हरकत, पण सवडीने

गिरगावातल्या एका चाळीच्या सामाईक गॅलरीचा दावा. त्यात परवा वादीच्या वकिलांनी मुदत मागितली. यात नवल काय, म्हणाल. पण मुदत कशासाठी, ते ऐका. प्रतिवादीने कैफियत उशिरा आणली आणि सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज जोडला. हा उशीर मुळीच माफ होता कामा नये, असं वादीचं ठाम म्हणणं आहे. ते ठाम म्हणणं लिहून द्यायला त्यांना वेळ हवा आहे.

अर्ज मंजूर. पुढची तारीख दिवाळीनंतर.

कायद्याला बोल लावू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेत 2002 पासून स्वच्छ लिहिलंय: समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत द्या, आणि कोर्टाने कारणं नोंदवून वेळ वाढवून दिला तरी 90 दिवसांच्या आत. सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी नकोत, हेही त्यातच आहे. पुढे 2005 मध्ये निकाल आला की 90 दिवसांची अट काही अगदीच बंधनकारक नाही, अपवाद म्हणून नंतरही कैफियत घेता येईल. झालं! अपवादाला खिडकी ठेवली की आपण दरवाजाने कशाला जाऊ? व्यापारी दाव्यांसाठी मात्र 2015 च्या कायद्याने 120 दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच संपवला. व्यापाऱ्याच्या पैशाला घाई असते, चाळीच्या गॅलरीला नसते.

तो विलंबमाफीचा अर्ज वाचण्यासारखा आहे. अशील गणपतीला गावी गेले. परतले ते ताप घेऊनच. ताप उतरला तर कागद सापडेनात. कागद सापडले तर वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकलेले. ते मोकळे झाले आणि मे महिन्याची सुट्टी लागली. मग पाऊस, आणि पावसामागोमाग पुन्हा गणपती. ‘सबब सदर विलंब हेतुपुरस्सर नसून प्रामाणिक आहे.’ प्रामाणिक! आता हेच अशील गणपतीच्या गाडीचं तिकीट कसं काढतात, ते त्या अर्जात नाही. आरक्षण 60 दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. हे गृहस्थ पावणेआठपासून फोन घेऊन बसतात, बायकोच्या हातात दुसरा फोन, मुलगा लॅपटॉपवर, आणि आठला एक सेकंद कमी असताना घरात कोणी शिंकलं तरी चालत नाही. तिथे ‘न्यायाच्या हितार्थ पाच मिनिटं उशिरा चालवून घ्यावं’ असा अर्ज यांनी कधी केल्याचं ऐकिवात नाही. गाडीला मुदत असते हे यांना पक्कं ठाऊक आहे.

वादीचीही बाजू मांडली पाहिजे. वादीचे वकील म्हणणार, रोजच्या रोज उशिराचा हिशेब द्या. प्रतिवादीचे वकील 1987 सालचा निकाल पुढे करणार: दिवसादिवसाचा खुलासा मागायचा तर तासातासाचा का नको, असा प्रश्न त्यात विचारला आहे, म्हणून जरा उदार दृष्टीने बघा. पण हा वाद रंगायला आधी वादीचं म्हणणं यायला हवं. ते दिवाळीनंतर येणार नाही, हे कोर्टातल्या पट्टेवाल्यालाही माहीत आहे. ते उशिरा आलं की त्या उशिराच्या माफीचा वादीचा अर्ज. त्यावर प्रतिवादीचं म्हणणं. ते म्हणणं द्यायला प्रतिवादीला मुदत. ती मागायला उभा राहणारा ज्युनियर अशिलाला ओळखत नाही, दावा कशाचा ते त्याला सांगितलेलं नाही. त्याला एवढंच शिकवलंय की ‘साहेब वरच्या कोर्टात आहेत’. हातात झेरॉक्स काढलेला मुदत अर्ज, त्यात नाव आणि तारखेची जागा मोकळी. कारण मात्र आधीच छापलेलं. म्हणजे अडचण पुढल्या महिन्यात यायची असली तरी तिचा कागद आज तयार आहे. एवढी पूर्वतयारी या लोकांना करता येते! कैफियतीचाच एक गठ्ठा झेरॉक्स काढून ठेवला असता तर?

हसू येतं, पण त्या गॅलरीत जाऊन या. तुळई टेकूवर उभी आहे. दावा निकाली निघेपर्यंत दुरुस्तीला हात लावायचा नाही, म्हणून टेकूला दुसरा टेकू दिलाय. त्याखालून रोज पाणी भरणारी म्हातारी हीच त्या दाव्यातली दुसरी प्रतिवादी. तिचं नाव पुकारलं जातं तेव्हा ती हात वर करते, आणि कोणी तिच्याकडे बघत नाही. ती गेली तर तिचे वारस रेकॉर्डवर आणायला कायद्याने 90 दिवस दिले आहेत. त्यालाही उशीर होईल, तोही माफ होईल. तिचा नवरा परळच्या गिरणीत होता. तिथे भोंगा झाल्यावर पोचलं की फाटक बंद आणि खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. त्या माणसाने जन्मभर मिनिटाची किंमत मोजली आणि त्याच्या बायकोची वर्षं फुकट मागितली जातात, छापील कागदावर, कोर्ट फीच्या तिकिटाच्या भावात. मागणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्याला घाम नाही.

तेव्हा एकच विनंती. मुदत अर्जाच्या त्या नमुन्यात, कारणाच्या खाली, आणखी एक ओळ छापा: ‘समोरच्या पक्षकाराचं आजचं वय.’ अर्जदाराने ती स्वतःच्या हाताने भरावी. भरली नसेल तर अर्ज घेऊ नका.