सोसायटीचे सेक्रेटरी व्हा! नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आणि जिथे जिथे स्टिल्टवर चार मजले उभे आहेत अशा सर्व ठिकाणच्या होतकरू सेक्रेटरींसाठी आहे. सूचना क्रमाने पाळाव्यात. परिणामांची जबाबदारी लेखकावर नाही. सोसायटीत कशाचीच जबाबदारी कोणावर नसते, हा पहिला धडा इथेच संपला.

पात्रता

सेक्रेटरी होण्यासाठी शिक्षण, अनुभव किंवा इच्छा यांपैकी काहीही लागत नाही. वार्षिक सभेला पहिल्यांदा जा आणि 'हिशोब जरा नीट मांडायला हवेत' एवढं एकच वाक्य बोला. मागच्या रांगेतून आवाज येईल, 'मग तुम्हीच या की कमिटीत!' टाळ्या वाजतील. त्या टाळ्या तुमच्या अभिनंदनाच्या आहेत असा गैरसमज करून घेऊ नका. बाकीच्यांची सुटका झाली म्हणून त्या वाजतात.

शंभरपर्यंत सभासद असलेल्या सोसायटीत कमिटी ११ जणांची असते. त्यांत महिलांसाठी २ आणि मागास प्रवर्गांसाठी ३ जागा राखीव असतात, मुदत पाच वर्षांची. प्रत्यक्षात अर्ज येतात सात, आणि त्यांतले चार चेअरमननी जिने चढून, घरोघर चहा पिऊन मिळवलेले असतात. कोरम सहाचा. म्हणजे एकाला सर्दी झाली तर चालतं, दोघांना झाली तर मीटिंग बुडते. तीन महिन्यांवर मेंटेनन्स थकवणाऱ्याला कमिटीत बसता येत नाही. त्यामुळे काही अनुभवी सभासद निवडणुकीच्या तोंडावर आठवणीने बिल थकवतात.

लागणारे साहित्य

१. आदर्श उपविधींचं पुस्तक, एक प्रत. ते ऑफिसच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली आधीच्या सेक्रेटरींकडे आहे. ते लेकीकडे न्यू जर्सीला आहेत.

२. 'आय' आणि 'जे' नमुन्यातल्या सभासदांच्या नोंदवह्या. यांत फ्लॅट विकून कधीच गेलेल्या लोकांची नावं सुवाच्य अक्षरात सापडतील.

३. शिक्का आणि लेटरहेड. गॅसपासून पासपोर्टपर्यंत कशासाठीही सभासद तुमचं दार वाजवू शकतो, आणि तो रविवारी दुपारी दोन ते चारमध्येच वाजवतो.

४. व्हॉट्सॲप ग्रुप, दोन. एकाचे ॲडमिन तुम्ही. दुसरा तुमच्याबद्दल असतो आणि त्यात तुम्ही नसता.

५. प्लंबर, लिफ्टवाला आणि टँकरवाला यांचे नंबर. उपनिबंधकांचा नंबर नसला तरी भागतं, प्लंबरचा नसला तर नाही.

पायरी पहिली: मेंटेनन्स वसूल करणे

नियम सोपे आहेत. वॉचमन, जिन्यातले दिवे, ऑफिस यांचा खर्च सगळ्या फ्लॅटना सारखा. लिफ्टचाही सारखाच. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला निदान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड निदान ०.२५ टक्के. थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज.

आता हे नियम सभासदांना समजावून सांगा. वन बीएचकेवाले म्हणतील, मेंटेनन्स चौरस फुटावर लावा. थ्री बीएचकेवाले उपविधी तोंडपाठ म्हणून दाखवतील. ते पुस्तक न उघडता पाठ असणारे सोसायटीत तेवढेच. तळमजल्यावरचे म्हणतील, आम्ही लिफ्ट वापरत नाही. ते खरंही आहे. गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या असतील तेव्हाच ते वापरतात. ज्यांचा फ्लॅट बंद असतो ते म्हणतील, आम्ही तर राहतच नाही. अशा वेळी त्यांना विचारावं की तुमच्या गैरहजेरीत इमारतीने तेवढाच भाग रंगवायचा सोडून द्यायचा का. विचारावं, पण मनात.

फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर बिगरभोगवटा शुल्क लागतं. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. हा शासननिर्णय ऑगस्ट २००१चा आहे. तुमच्या सोसायटीच्या ठरावात भाड्याच्या १० टक्के असं लिहिलेलं सापडलं तर घाबरू नका, तो ठराव त्याआधीचा असेल किंवा त्या सेक्रेटरीकडेही किल्ली नसेल.

हट्टी थकबाकीदारासाठी सहकार कायद्याचं कलम १५४ब-२९ आहे. उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळवता येतो आणि तो खरोखर चालतो. मात्र तोवर थकबाकीदार तुमच्याशी बोलणं सोडेल आणि त्याची बायको तुमच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावणार नाही. बरेच सेक्रेटरी कलम १५४बपाशी न अडखळता या दुसऱ्या शिक्षेपाशी अडखळतात.

पायरी दुसरी: लिकेज

हा या पदाचा गाभा आहे. यावर प्रभुत्व मिळवलं की बाकी सगळं सोपं.

३०२च्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे. तुम्ही ४०२मध्ये जाता. ४०२ म्हणतात, 'आमच्याकडे काही नाही, बघा, सगळं कोरडं आहे.' अर्थातच कोरडं असणार, पाणी खाली गेलेलं आहे. तुम्ही प्लंबरला बोलावता. तो भिंतीवर टिचकी मारतो, डोळे मिटतो आणि सांगतो, 'लाद्या फोडाव्या लागतील.' लाद्या गेल्याच दिवाळीत घातलेल्या असतात. मग कोणीतरी सुचवतं की वर रंगाचं पाणी सोडून पाहू. लाल पाणी सोडलं जातं. सगळे ३०२च्या बाथरूममध्ये वर बघत उभे राहतात. दोन दिवसांनी ते पाणी ३०१च्या देवघरात उतरतं.

नियम काय सांगतो? फ्लॅटच्या आतल्या संडास, मोरी, सिंकच्या गळतीचा खर्च त्या त्या सभासदाचा. मुख्य जलवाहिनी, बाहेरच्या भिंती, गच्ची, आणि गच्चीतून पाणी उतरून वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा पडला तर तोही, हे सोसायटीचं. म्हणून प्रत्येक गळती ही तत्त्वतः सोसायटीची असते, असं प्रत्येक सभासद मानतो. त्याच्या घरातलं पाणी खाली गेलं की ते आपोआप सार्वजनिक होतं.

सूचना: दोन मजल्यांमध्ये बसून तह घडवताना चहा वरच्या घरी घ्यावा की खालच्या, हे आधी ठरवा. दोन्हीकडे घेतलात तर तुम्ही दोघांचेही नाही.

पायरी तिसरी: पार्किंग

बिल्डरला स्टिल्ट किंवा मोकळी पार्किंगची जागा फ्लॅटप्रमाणे वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. पंचाली सोसायटीच्या या खटल्याचं नाव सेक्रेटरींनी पाठ करावं. सभासदाला ते सांगावं. सभासद कपाटातून करारनामा काढून दाखवेल, त्यात 'एक पार्किंग' असं लिहिलेलं असेल. त्याने त्याचे पैसेही दिलेले असतील, बहुधा पावती न घेता.

गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं असतं. चिठ्ठ्या टाकल्यावर कळतं की सर्वात मोक्याची जागा एका झाकलेल्या स्कूटरने अडवली आहे. तिचं कव्हर दर पावसाळ्यात नवं येतं. स्कूटर कधी चालताना कोणी पाहिलेली नाही. तिला हात लावू नका. तिच्या मालकाचे भाऊ वकील आहेत.

'पाहुण्यांसाठी' असं लिहिलेल्या जागेवर एकच पाहुणी गाडी वर्षभर दिसेल. ती चेअरमनच्या भाच्याची आहे.

पायरी चौथी: वार्षिक सर्वसाधारण सभा

हिशोब ३१ जुलैपर्यंत तपासून घ्या. सभा ३० सप्टेंबरच्या आत भरवा. नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्या. कोरम दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यांत जो आकडा कमी असेल तो. अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर सभा तहकूब करून त्याच दिवशी नोटिशीत दिलेल्या पुढच्या वेळी घेता येते, आणि तेव्हा कोरमची अट नसते. या एका तरतुदीवर महाराष्ट्रातली गृहनिर्माण सहकारी चळवळ उभी आहे. सभासदांना ती पाठ असल्याने ते थेट तहकूब सभेलाच येतात, म्हणजे बटाटेवडे येण्याच्या सुमारास.

सभेचा वेळ असा वाटून ठेवा. लाखोंच्या खर्चाला मंजुरी: चार मिनिटं. ऑडिटरची नेमणूक: एक मिनिट. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय': अडीच तास, त्यांतले दोन तास वॉचमनने खुर्चीवर बसावं की उभं राहावं यावर. हिशोबाबद्दल प्रश्न विचारणारा जर कोणी उभा राहिलाच तर त्याचं नाव लगेच लिहून घ्या. पुढच्या निवडणुकीला उमेदवार मिळाला.

इतिवृत्ताचा मसुदा तीन महिन्यांत तयार व्हायला हवा. त्यातली सर्वात उपयोगी शब्दरचना 'साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते ठरले' ही आहे. तिच्यात आरडाओरडा, सभात्याग आणि एक उडालेली चप्पल सहज मावते.

पायरी पाचवी: जी कामं कोणाच्या लक्षात येत नाहीत

आग प्रतिबंधक यंत्रणेचा 'बी' नमुन्यातला दाखला दर जानेवारीत आणि जुलैत. लिफ्टची सरकारी तपासणी. टाक्यांची सफाई. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, तीस वर्षांपुढे दर तीन वर्षांनी. महिन्याचा मेंटेनन्स प्रत्येकी ७,५०० रुपयांच्या वर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. आणि कन्व्हेयन्स. १९६३चा कायदा सांगतो की बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची. ती करून दिली नाही तर मानीव अभिहस्तांतरणाची सोय २००८च्या दुरुस्तीने झाली. तरीही पायाखालची जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे हे बऱ्याच सभासदांना रिडेव्हलपमेंटचं नाव निघाल्यावर समजतं.

ही कामं वेळेवर केलीत तर कोणी आभार मानणार नाही. एक चुकलं तर तुमचं नाव ग्रुपवर येईल. दुसऱ्या ग्रुपवर.

नेहमीच्या शंका

*भाडेकरू बॅचलर असेल तर नाही म्हणता येतं का?* फ्लॅट भाड्याने द्यायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही. कळवावं लागतं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. बॅचलर मुलांविरुद्ध सर्वात मोठ्याने बोलणाऱ्या सभासदाचा मुलगा बंगळुरूत फ्लॅट शोधत असतो.

*आवारातल्या कुत्र्यांचं काय?* २०२३च्या केंद्रीय नियमांनुसार त्यांना खायला घालण्याची जागा ठरवून देणं सोसायटीचं काम आहे, जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर. कुत्र्यांना ती जागा लगेच समजते. माणसांना नाही.

*रिडेव्हलपमेंटला किती जणांची संमती लागते?* ४ जुलै २०१९च्या शासननिर्णयानुसार ५१ टक्के. या विषयाच्या सभेला कोरमची चिंता करू नका. न्यू जर्सीहूनही येतात.

*सोसायटी काहीच का करत नाही?* हा प्रश्न तुम्हाला रोज येईल, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो. १९१५ साली मुंबईत गावदेवीला तल्मकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. कल्पना साधी होती: मालकही आपण, कारभारीही आपण. आजही प्रत्येक सभासदाकडे ५० रुपयांच्या १० शेअर्सचं, म्हणजे ५०० रुपयांचं भागप्रमाणपत्र असतं, आणि त्या कागदावर तो मालक आहे. पण कागद लॉकरमध्ये ठेवून घरी परतेपर्यंत तो ग्राहक झालेला असतो. 'मी मेंटेनन्स भरतो' हे वाक्य तो हॉटेलात बिल भरल्याच्या सुरात म्हणतो. भांडण पाण्याचं, पार्किंगचं किंवा कुत्र्याचं कधी नसतंच. त्या हॉटेलात बिनपगारी मॅनेजर म्हणून तुम्ही सापडला आहात, इतकंच. हे उत्तर विचारणाऱ्याला देऊ नका. त्याला 'बघतो' म्हणा.

पदमुक्ती

राजीनामा देता येतो. तो स्वीकारला जाईपर्यंत मीटिंगला कोरम होत नाही, एवढीच अडचण.

मात्र पद सुटल्यावर तुमच्यात काही बदल कायमचे राहतील. तुम्ही मेंटेनन्स बिल आल्या दिवशी भराल. सभेला पहिल्या वेळेला जाल आणि रिकाम्या खुर्च्या मोजत बसाल. खालच्या मजल्याने ओल दाखवली तर वाद न घालता स्वतःच्या लाद्या फोडाल. थोडक्यात, सोसायटीला जसा सभासद हवा असतो तसे तुम्ही झालेले असाल, आणि सेक्रेटरी केल्याशिवाय तसा सभासद तयार करण्याचा दुसरा उपाय अद्याप सापडलेला नाही.

एकाची मुदत पाच वर्षं. शंभर घरांची सोसायटी या हिशोबाने पाचशे वर्षांत पुरती सुधारेल. तोवर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट तेवढं चुकवू नका.