देवमाशाचा फोटो काढा: नवशिक्यांसाठी सहा सोप्या पायऱ्या

स्थळ: श्रीलंकेच्या दक्षिण टोकाचं मिरिसा. हंगाम: डिसेंबर ते एप्रिल. इथे खोल समुद्र किनाऱ्यालगतच सुरू होतो, म्हणून निळा देवमासा बघायला फार लांब जावं लागत नाही.

१. बोट भल्या सकाळी सुटते. उलटीची गोळी चढण्याच्या तासभर आधी घ्या. मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी समुद्राच्या पोटात जाते.

२. मिळेल तेवढी लांब लेन्स न्या. बोट डुलली की तिच्यातून आधी आकाश, मग पाणी, मग पुढच्या काकांची टोपी दिसेल. कंटाळलात की १०० ते ४०० मिलिमीटरची झूम लावा आणि शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. ट्रायपॉड आणलाच असेल तर टॉवेल वाळत घाला. त्यावरच्या कॅमेऱ्याला इंजिनची सगळी थरथर पोचते.

३. बोटीचं नाक म्हणजे बारा. खलाशी ‘तीन वाजता!’ ओरडला तर मनगटाकडे बघू नका, उजवीकडे बघा. देवमाशाचा फवारा नऊ मीटरपर्यंत उडतो. फोटोत मात्र धुकं येईल. नातेवाइकांना दाखवण्यापुरतं ते पुरतं.

४. हा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी; वर दिसते ती ओली, करडी पाठ आणि पार मागे एवढासा पर. काही श्वास झाले की पाठीची कमान होते. आता शेपटी वर येणार! नवशिक्याने नेमका हाच क्षण आधीचे फोटो तपासण्यात घालवावा. पुढची संधी दहाएक मिनिटांनी, तीही भलतीकडे.

५. ‘अजून जवळ घ्या की!’ असा तगादा लावा. नियम १०० मीटर लांब राहण्याचा आहे, पण पैसे आपण मोजलेत. देवमासा बुडी मारेल आणि शेपटीच्या फटकाऱ्याने पाण्यावर उमटलेला गुळगुळीत गोल तेवढा उरेल. त्याचा फोटो झकास येतो. तो पळत नाही.

६. तेही जमलं नाही, तर मालवाहू जहाजाचा फोटो काढा. जवळच्या डोंड्रा टोकापाशी अशा जहाजांची सतत ये-जा असते आणि त्यांच्या धडकेने इथले देवमासे मरतात.

तेव्हा तिकीट काढताना ‘किती जवळ नेता?’ असं विचारू नका. ‘किती लांब थांबता?’ असं विचारा, आणि उत्तर पटलं तरच पैसे द्या.