घसरलो आणि घसारा

‘डेप्रिसिएशन’ला मराठीत ‘घसारा’ म्हणणाऱ्याची दुचाकी एकदा तरी पावसात घसरलेली असणार. माझी गेल्या वर्षी जूनमध्ये घसरली. चौकात वळताना, सांडलेल्या ऑइलवर, वेग जेमतेम पंचवीस. माझं ढोपर सोलवटलं आणि स्कूटरची डावी बाजू. गॅरेजवाल्याने कच्चं बिल काढलं, ६२०० रुपये. मी निर्धास्त. ‘फुल इन्शुरन्स’ होता ना!

सर्व्हेअर आला, मोबाइलवर चार फोटो काढून गेला. मग हिशेब आला. पुढचं पॅनल, मडगार्ड आणि दिव्याचं कव्हर मिळून ४२०० चं प्लास्टिक. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांना सरसकट ५० टक्के घसारा, मग गाडी काल शोरूममधून निघालेली असली तरी. म्हणजे २१००. लोखंडाचा घसारा वयाप्रमाणे. माझ्या साडेतीन वर्षांच्या गाडीला २५ टक्के. १२०० च्या हँडल-लिव्हरचे ९००. मजुरी ८००, ती पूर्ण. वर १०० रुपयांची सक्तीची वजावट. हाती ३७००. काचेला मात्र घसारा शून्य! आरसे तेवढे अजरामर. ते फुटलेच नव्हते.

हा तक्ता पत्र्याच्या स्कूटरला शोभला असता. आजच्या स्कूटरीत प्लास्टिक सोडून दिसतं काय, तर नंबर प्लेट.

“साहेब, झिरो डेप घ्यायला हवं होतं,” एजंट म्हणाला. थोडा हप्ता जादा भरला की प्लास्टिकलाही घसारा लागत नाही. हे त्याने आधी सांगितलं नव्हतं. खरं तर मीच विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं एवढंच, “कमीत कमी किती बसतील?”

त्यात ‘नो क्लेम बोनस’ही गेला. क्लेम न करणाऱ्याला गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढती सूट मिळते. मी ३५ च्या पायरीवर होतो. एक क्लेम, आणि सापाने थेट खाली.

यंदा डिसेंबरात स्कूटर पाच वर्षांची झाली. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो, तोही संपला. एजंट म्हणाला, “जुन्या गाडीला फुल कशाला? फक्त थर्ड पार्टी घ्या.” ७५ ते १५० सीसीला २०२२ मध्ये ठरलेला दर ७१४ रुपये. विम्याशिवाय पकडलं तर पहिल्या वेळी दंड २०००. आपल्याकडे बहुतेकांचा विमा अपघाताचा नसतोच, चौकातल्या मामाचा असतो.

आणि गंमत अशी, की त्या अख्ख्या पॉलिसीत खरा सौदा हा थर्ड पार्टीच. तुमच्या गाडीखाली कुणी दगावलं आणि न्यायाधिकरणाने वीस-पंचवीस लाखांची भरपाई ठरवली, तर ती कंपनी देते, रकमेला कमाल मर्यादा नाही. समोरच्याच्या मालमत्तेला मात्र एक लाखाची आहे, तेव्हा ठोकायचीच तर साधी गाडी बघून ठोका. लायसन्स मात्र चालू हवं, नाहीतर कंपनी नंतर तुमच्याच दारात वसुलीला येते. मालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा वेगळा असतो. त्यात पाय मोडला तर काही नाही, पाय गेला तर साडेसात लाख.

मी ७१४ भरायला निघालो, तेवढ्यात हिने कागद हातात घेतला.

“पहिली पार्टी तुम्ही, दुसरी कंपनी, तिसरा रस्त्यावरचा. आणि मागे मी बसते, ती कितवी?”

कितवीच नाही. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसणारा येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगून ठेवलंय. त्याला धरून ठेवते ती फुलवाली. हे तिला सांगताना मी कागदाकडे बघत होतो.

मुकाट्याने एजंटला फोन लावला. “फुलच करा. आणि हो, झिरो डेपसकट.”

“साहेब,” तो म्हणाला, “पाच वर्षांवरच्या गाडीला आमची कंपनी झिरो डेप देत नाही.”