पुढच्या गिऱ्हाइकासाठी

आमच्या घरात उघडी राहू शकेल अशी वस्तू अजून आलेली नाही. फ्रीजच्या डोक्यावर खिसेवालं कव्हर आहे, हँडलला वेगळं आहे. मिक्सरला झालर आहे. टीव्हीचा रिमोट ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून आला त्याच पिशवीत वारला. शेवटी शेवटी पिशवी इतकी दुधाळ झाली होती की आकडे अंदाजाने दाबावे लागत. सोफ्याला कव्हर आहे आणि त्या कव्हरचा रंग उडू नये म्हणून त्यावर चादर आहे. साधे पाहुणे आले की चादर काढतात, व्याही आले की कव्हरही काढतात. मूळ सोफ्याचा रंग कोणता, यावर घरात दोन मतं आहेत.

यात कंजूषपणा नाही. आपण कोणतीही वस्तू वापरतो ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या वतीने, अशी आमच्याकडची पक्की समजूत आहे. स्कूटर शोरूममधून निघते तेव्हाच ती विकताना किती येतील याचा हिशेब सुरू होतो, आणि सीटवरचं प्लास्टिक फाटेपर्यंत आपण त्या अनोळखी माणसाच्या मालावर घसरत ऑफिसला जातो.

अशा घरात धाकट्या मेहुण्याने न्यू जर्सीहून आपला जुना व्हीआर हेडसेट, क्वेस्ट २, पाठवला. मामाने नवा घेतला, जुना भाच्याला दिला. भाचा म्हणजे आमचे चिरंजीव, आमच्या नागपूरच्या हिंगणा रोडवरच्याच एका कॉलेजात इंजिनिअरिंग करतात. एक खोकं डोळ्यांवर बांधायचं आणि दोन कंट्रोलर दोन हातांत धरायचे. प्रत्येक कंट्रोलरच्या टोकाला एक मोठी रिंग. त्या रिंगेत आपल्याला न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात. खोक्याचे चार कॅमेरे ते दिवे बघून आपला हात कुठे आहे ते ओळखतात. हात कुठे आहे हे यंत्राला कळतं. पंखा कुठे आहे हे कळत नाही.

खेळण्यापूर्वी जमिनीवर आपली हद्द आखून घ्यायची असते. मोकळेपणी वावरायला साधारण दोन मीटर बाय दोन मीटर जागा हवी म्हणतात. हिंगण्यात ज्यांच्या नावावर सात-बारा आहे त्यांच्याही हॉलमध्ये एवढी मोकळी जागा निघणार नाही. एका बाजूला दिवाण, एका बाजूला शोकेस, खिडकीत कूलर आणि मध्ये जे उरतं त्यात आईची खुर्ची. तरी ही झाली आजूबाजूची हद्द. वरची हद्द कुणीच आखत नाही. आमचा स्लॅब दहा फुटांवर, पंख्याची पाती साडेआठावर. चिरंजीव पाच फूट नऊ इंच, हात वर केला की कंट्रोलरसकट आठ फुटांच्या आसपास, आणि उरलेलं अंतर ते उत्साहात उडी मारून भरून काढतात. प्राग शहरातल्या लोकांनी बनवलेला बीट सेबर नावाचा खेळ आहे. गाण्याच्या ठेक्यावर लाल-निळे ठोकळे अंगावर येतात आणि ते तलवारीने कापायचे असतात. काही ठोकळे खालून वर कापावे लागतात. प्रागमध्ये छताला पंखे नसावेत.

पंखा बंद करून खेळ, असं सांगणं सोपं आहे. सांगणाऱ्याने मे महिन्यात हिंगण्याला यावं. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं. संवेदक बिघडला होता, असा खुलासा पुढे हवामान खात्याने केला. पण आमच्या कॉलनीत तो खुलासा कुणी मानलेला नाही. कूलर लावला तर हवेत दमटपणा येतो, दमटपणाने तळहात ओले होतात, ओल्या हातातून कंट्रोलर सुटतो. कूलर बंद केला तर घामाने सुटतो. सुटलेला कंट्रोलर शोकेसमध्ये जातो, न सुटलेला पंख्यात. तेव्हा कव्हर हवं, याबद्दल घरात प्रथमच एकमत झालं.

आपणच अडाणी आहोत असं वाटू नये म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. २००६ च्या नोव्हेंबरात निन्टेंडोने वी नावाचं यंत्र काढलं. त्याचा रिमोट हातात धरून टेनिस खेळता येई, बॉलिंग करता येई. अमेरिकेतल्या भल्या भल्या लोकांनी बॉलिंग करताना तो रिमोट खरोखर सोडून दिला आणि आपापले टीव्ही फोडले. मनगटाला अडकवायची दोरी होती, ती तुटायची. महिन्याभरातच कंपनीने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली, ०.६ मिलिमीटरची दोरी १ मिलिमीटर जाड केली. तेवढ्याने भागेना, म्हणून २००७ च्या ऑक्टोबरात सगळ्या गिऱ्हाइकांना सिलिकॉनचं जाडजूड कव्हर फुकट देऊ केलं. जपानी इंजिनिअरांना जे कळायला वर्ष लागलं ते आमच्या आईला खोकं उघडताच कळलं होतं. ती म्हणाली, "अरे बाबू, याले आंगडं कुठं आहे?"

मग निवड सुरू झाली. आईने गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांचं कव्हर शिवायला घेतलं. सौभाग्यवतींना चेन असलेलं आणि धुता येणारं हवं होतं. चिरंजीवांना मुठीच्या मागून पट्टा हवा होता, म्हणजे बोटं सोडली तरी कंट्रोलर हाताला धरून राहतो. व्हॉल्व्ह कंपनीने २०१९ साली असे पट्टे मुळातच जोडलेले कंट्रोलर काढले, तेव्हापासून इतरांनाही ते हवेसे झाले, ही माहिती त्यांनी दिली. मला स्वस्त हवं होतं.

आमच्या शेजारी एमआयडीसीत रबर मोल्डिंग करणारे एक भाऊ राहतात. वस्तू बघितली की ती कोणत्या साच्यातून निघाली ते सांगितल्याशिवाय चहा पीत नाहीत. ते व्हर्निअर घेऊन आले आणि कंट्रोलरची मापं घेऊ लागले. "पहिले मले हे सांगा," ते म्हणाले, "वाचवायचं काय आहे? रिंग का पंखा?"

या प्रश्नाचा आम्ही विचारच केला नव्हता.

"नरम माल घ्याल तर रिंग वाचते. कडक माल घ्याल तर रिंगही वाचते, पण पातं वाकते. मंग पंखा डुगडुग करून राहते आणि तुम्ही माझ्याच घरी येता. चाळीस-पन्नास शोअर घ्या, जास्त नाही."

शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप. भाऊ ते नखाने मोजतात. सिलिकॉनच घ्या, असा त्यांचा आग्रह होता. साधं रबर आपल्या उन्हाळ्यात चिकट होतं, सिलिकॉन दोनशे अंशांपर्यंत चूं करत नाही. "नागपूर झेपते त्याले," असा निर्वाळा त्यांनी दिला. फक्त ते कचरा फार धरतं. सिलिकॉनचं कव्हर आमच्या दिवाणाखाली एकदा फिरवलं तर दिवाळीची निम्मी झाडलोट होईल.

सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढं सगळं करण्यापेक्षा कव्हर पंख्यालाच लावा नं." यावर भाऊ बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. ते खरोखर मनातल्या मनात साचा काढत असावेत.

लोकमान्य नगरहून मेट्रोने मी सीताबर्डीच्या बाजारात गेलो. मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये मोबाईलला जेवढी कव्हरं मिळतात तेवढे मोबाईल जगात नसतील, पण व्हीआर कंट्रोलर म्हटल्यावर दुकानदाराने मला एसीच्या रिमोटचं कव्हर दाखवलं. नाही म्हटल्यावर मोठ्या एसीचं दाखवलं. पुढच्या दुकानात कंट्रोलरचा फोटो दाखवला, तर "हे कोणत्या गाडीचं आहे?" अशी चौकशी झाली. खेळाच्या दुकानातला मुलगा हुशार होता. त्याने बॅटची ग्रिप काढली आणि शंकूवर चढवून दाखवली. चिकटपणा उत्तम, घामाला चोख, किंमत रास्त. पण ग्रिप वरून सरकवायची म्हणजे आधी रिंग कापावी लागणार. "मग रिंग कशाला पाहिजे, काका?" त्याने विचारलं. परतताना हिंगणा टी-पॉइंटजवळ ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात डोकावलो. इथे ट्रॅक्टर बनतात, तेव्हा हाताला पकड देणाऱ्या वस्तूंचा तुटवडा नाही. स्टीअरिंगचं गोंडेवालं कव्हर इतकं देखणं होतं की आपल्याकडे ट्रॅक्टर नाही याचं वाईट वाटलं.

शेवटी ऑनलाइन. तिथे उलट पंचाईत, कारण पर्याय अमाप आणि प्रत्येकाच्या फोटोत तोच गोरा हसरा तरुण. काही कव्हरं फक्त मुठीपुरती, काही रिंगेलाही बंपर लावणारी. आमचं दुखणं रिंगेचं, म्हणून मला बंपरवालं हवं होतं. चिरंजीवांनी थांबवलं: रिंगेवर जाड आवरण आलं आणि दिवे झाकले गेले, तर कॅमेऱ्यांना हात दिसणार नाही आणि खेळातली तलवार कुठेतरी तरंगत जाईल. म्हणजे बंपर असा हवा की मार खाणारी कड झाकेल आणि दिवे उघडे ठेवेल. शिवाय कंट्रोलरला एक पेन्सिल सेल लागतो. काही कव्हरांना त्या जागी खिडकी ठेवलेली असते, काहींना नसते. नसली तर सेल बदलायला दर वेळी सगळा पोशाख उतरवावा लागतो. मुठीवर बारीक उंचवटे हवेत, म्हणजे घामाला वाट मिळते. मऊ कातड्यासारखं दिसणारं घेऊ नये, ते घाम पितं आणि मग त्याचा वास खेळापेक्षा जास्त खरा वाटतो. त्वचेचा विचार तर करायलाच हवा. २०२१ साली हे खोकं बनवणाऱ्या खुद्द फेसबुकने त्याचा चेहऱ्याला टेकणारा फोम रिकॉल केला होता, काही लोकांना पुरळ उठत होतं म्हणून. आणि उपाय म्हणून वरून घालायला काय दिलं? सिलिकॉनचं कव्हर. हे ऐकून आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू गोधडीच्या तुकड्यांबद्दल मी अमेरिकेच्या वतीने तिची माफी मागितली पाहिजे.

पहिलं पार्सल आलं ते क्वेस्ट ३ चं निघालं. त्याच्या कंट्रोलरला रिंगच नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या त्या यंत्राने रिंग काढून टाकली. ३ आणि ३एसचं कव्हर एकच, २ चं वेगळं. दुकानाने चूक आमचीच असल्याचं आम्हाला अत्यंत नम्रपणे कळवलं. दुसऱ्या पार्सलात बरोबर माल आला. काळा रंग, मुठीला उंचवटे, सेलला खिडकी, मागून पट्टा, रिंगेच्या कडेला बंपर. भाऊंनी नख लावलं आणि म्हणाले, "पंचेचाळीस." चढवताना थोडी टाल्कम पावडर लागली. पुढे पंख्याला बऱ्याच सलाम्या झडल्या, पण रिंगेवर ओरखडा नाही. पातं जरासं वाकलं आहे. ते भाऊ सरळ करून देणार आहेत.

उन्हाळा संपता संपता चिरंजीवांना क्वेस्ट ३ हवासा वाटू लागला. चुकून आलेलं कव्हर घरात तयारच होतं, हे त्याचं मुख्य कारण. उरलेल्या पैशांची बोलणी मामाशी सुरू झाली आणि जुना क्वेस्ट विकायची जाहिरात मोबाईलवर टाकली.

गिऱ्हाईक आलं ते वाडीहून, दोन मित्रांना घेऊन. ज्याच्यासाठी आम्ही इतके दिवस जपलं तो माणूस प्रत्यक्ष सोफ्यावर बसला होता. मला भरून येत होतं. चादर आधीच काढलेली होती. त्याने कंट्रोलर हातात घेतला, उलटसुलट केला आणि कव्हर उतरवायला सांगितलं. आम्ही उतरवलं. आत प्लास्टिक अगदी कारखान्यातून आल्यासारखं पांढरंशुभ्र, कुठे रेघ नाही की डाग नाही.

तो मित्रांकडे बघून हळूच म्हणाला, "हे चालू होते का पण? कुणी हातच लावलेला दिसून नाही राहिला."

चिरंजीवांनी चालू करून दाखवलं. खेळून दाखवलं. तरी त्याचं समाधान होईना. नवीन दिसतंय म्हणजे दुरुस्त करून आतला माल बदललेला असणार, एवढं जपून वापरलंय म्हणजे काहीतरी लपवलंय, असं त्याचं म्हणणं. वापरलेलं वाटेल असं काहीतरी दाखवा, मग भावाचं बोलू.

आई खुर्चीतून म्हणाली, "बाबू, त्याले पंखा दाखव."