मंडळी फोडणाऱ्या माननीय बंधूंस

प्रभूमध्ये परमप्रिय, परमआदरणीय बंधुवर,

या पत्रात आपले नाव घालत नाही, कारण आपण एकटे नाही. पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी ज्यांना वेगळी मंडळी काढण्याचे पाचारण होते, असे आपण गावोगावी आहात. सर्वांचे एकत्र आभार मानावेत म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिले आभार आपल्या दूरदृष्टीचे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी आहोत. एवढ्या अफाट समाजाला एका गावात एक चर्च कसे पुरावे? आपण त्याच आळीत दुसरे काढलेत, मग त्या दुसऱ्यातून तिसरे. आता रविवारी तीन ध्वनिवर्धकांवरून एकाच प्रभूची स्तुती चालते आणि कोणाचाच शब्द कोणाला कळत नाही. धन्य झालो.

परंपरेचा आपला अभिमान तर थोरच. मिशनऱ्यांनी आपला मुलूख आपापसात वाटून घेतला होता. नगर-सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, जालन्याला स्कॉटिश, नाशकात चर्च मिशनरी सोसायटी. आमच्या आजोबांच्या गावी जे मिशन पोचले, त्याच पंथाचे ते झाले. इंग्लंड-स्कॉटलंडमधले जुने तंटे त्यांच्या कानावरही नव्हते. ते तंटे आपण मात्र वडिलोपार्जित जमिनीसारखे सांभाळलेत. आपल्या निष्ठेला तोड नाही.

आपल्यासारखे मार्गदर्शक लाभले नाहीत, म्हणून पूर्वीच्या लोकांचे फार हाल झाले. 1919 च्या मे महिन्यात तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला काही धर्मसेवक जमले, बहुतेक सगळे भारतीय. बाहेरून आलेल्या या भिंती आमच्या नव्हेत, त्या पाडू या, असे त्यांनी ठरवले. बिशप अझरया त्यांच्यातलेच. तिथून पुढे 27 सप्टेंबर 1947 रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर अवघ्या 43 दिवसांनी, चर्च ऑफ साउथ इंडिया उभे राहिले. ते पाहायला अझरया हयात नव्हते.

उत्तरेतल्या मंडळ्यांनी तर कमालच केली. 1929 मध्ये लखनौला बोलणी सुरू झाली आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. 41 वर्षे लागली! बाप्तिस्मा बालकाला द्यायचा की विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्या माणसाला, या जुन्या वादावरही त्यांनी तोड काढली: दोन्ही रीती मान्य. इतका वेळ त्यांनी जोडण्यात घालवला. आपण तेच काम एका दुपारच्या बैठकीत उलट करून दाखवता आणि चहा गार व्हायच्या आत घरी जाता.

न्यायखात्यावरही आपले मोठे उपकार आहेत. मिशनच्या जागा, शाळा, बंगले यांवरून चाललेल्या खटल्यांनी कित्येक वकिलांचे संसार उभे राहिले. भावाने भावाला कोर्टात खेचावे, याबद्दल पौलाने करिंथच्या मंडळीला खडसावले होते. ते पत्र आपण रविवारी व्यासपीठावरून गंभीरपणे वाचता आणि सोमवारी तारखेला हजर राहता. मंडळीच्या दानपेटीतले पैसे इतक्या तत्परतेने दुसरीकडे कुठेही पोचत नाहीत.

आणि मयताच्या प्रसंगी आपण जी शिस्त पाळता, तिला काय म्हणावे! घरात प्रेत असताना, रडणाऱ्या मुलांसमोर, गेलेल्या माणसाची वर्गणीची पावती आपण शांतपणे मागता. तो शेवटची दोन वर्षे पलीकडच्या मंडळीत बसत होता, मग आपल्या दफनभूमीत त्याला जागा कशी द्यायची? पुनरुत्थानाच्या दिवशी पंथवार रांगा लावण्याची ही तयारी असावी. आपले काटेकोरपण देवदूतांनाही उपयोगी पडेल.

एकाच बाबतीत आपले यश अपुरे राहिले. नारायण वामन टिळकांची भजने अजून साऱ्या मंडळ्या म्हणतात. 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उघडताना बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही आत घेणारा हा माणूस. आपल्या तिन्ही चर्चमध्ये एकाच वेळी त्याचेच भजन चालू असते, हे आपल्या लक्षात आले आहे काय? आले असेल तर त्यावरही एखादा ठराव आणाल.

सरकारनेही आपला मान राखला नाही, याचा खेद वाटतो. 1950 च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिला, तो आजतागायत. तू मेथडिस्ट की कॅथलिक, जुन्या मंडळीचा की नव्या, असे त्याला कोणी विचारले नाही. अन्याय करणाऱ्यांच्या लेखी आपण सगळे एक आहोत. हक्क मागायला निघालो की मात्र आपल्या कृपेने चार शिष्टमंडळे चार निवेदने घेऊन जातात.

बंधुवर, आता साखर पुरे झाली. सगळ्यांनी एकाच पद्धतीने प्रार्थना करावी, असे कोणी म्हणत नाही. कोणी टाळ्या वाजवील, कोणी गुडघे टेकील, कोणी धूप जाळील. मतभेदही असतील, आणि चुकीच्या कारभाराला मंडळीत राहून विरोध करणे हे तर कर्तव्यच आहे. पण धरून दिला जाण्याच्या रात्री प्रभूने आपल्या लोकांनी एक व्हावे अशी विनवणी पित्याला केली. या एकीवरून, पित्याने मला पाठवले असा विश्वास जग धरील, असे तो म्हणाला. जग आज आपल्याकडे पाहते तेव्हा त्याला खुर्ची, पाटी आणि कुलूप दिसते. हा दोष जगाचा नाही.

रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी 1054 साली एकमेकांवर टाकलेले बहिष्कार 7 डिसेंबर 1965 रोजी मागे घेतले. 911 वर्षांचा राग त्यांना सोडता आला, तर आपल्या आळीतला का सुटू नये?

आणि हे पत्र वाचणाऱ्या भावाबहिणींनो, फोडणारा एकटा कधीच मंडळी फोडत नाही. आपण त्याच्यामागे उठून जातो, म्हणून ती फुटते. 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो. तोवर थांबू नका. येत्या रविवारी पलीकडच्या मंडळीत जाऊन बसा, त्यांना आपल्याकडे बोलवा, दफनभूमीचे फाटक सर्वांना उघडा, आणि आपल्या कमिटीने चालवलेला एक तरी खटला मागे घ्यायला लावा.

आपला नम्र,
एक साधा सभासद