पावलांचा हिशेब

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये चेंडू हाती धरून दोनच पावले टाकता येतात, असे नियमपुस्तिका म्हणते. खेळाडूंनी ती वाचलेली नाही, हा आरोप मात्र अन्यायाचा आहे. त्यांनी ती वकिलाच्या नजरेने वाचली आहे.

मोजणी सुरू होते ती चेंडू ताब्यात आल्यावर. त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय हिशेबात धरत नाहीत. प्रेक्षकाला पावले तीन दिसतात, पण जाणकारांच्या मते त्यातले पहिले 'शून्यावे' असते. २०१७ मध्ये जागतिक संघटना फिबानेही हे शून्य स्वीकारले.

जानेवारी २००९ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध शेवटच्या सेकंदांत खेळाडू लेब्रॉन जेम्सची जादा पावले पंचांनी पकडली. त्याने सांगितले, ही तर आपली 'क्रॅब ड्रिबल', म्हणजे खेकडा-चाल! त्याच वर्षी लीगने दोन पावलांची मुभा नियमात स्पष्ट लिहून टाकली.

२०१९ मध्ये वॉशिंग्टनचा ब्रॅडली बील डेट्रॉइटविरुद्ध चेंडू धरून जणू फेरफटका मारून आला. शिट्टी वाजली नाही. पंचांच्या संघटनेने खुलासा केला : आधी चेंडू ताब्यात, मग दोन कायदेशीर पावले, मग चेंडू निसटला, मग पुन्हा ताबा, सगळे नियमातच. खुलासा त्या चालीपेक्षा लांब होता.

तात्पर्य, नियम कडकच आहे, फक्त पावले कुठून मोजायची हे पंच ठरवतात. शाळेच्या संघातल्या मुलांनी मात्र याची नक्कल करू नये. तिथले पंच अजून एकापासून मोजतात.