दाराला भोक नाही

आत्याचे गुडघे संपावर गेले, पण बेल वाजवणाऱ्यांनी काही संप केला नाही. कुरिअरवाला, भाजीवाली, हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन येणाऱ्या बायका, सगळ्यांना ऐन वामकुक्षीच्या वेळी आमचं रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं घर आठवतं. तेव्हा पुतण्याने जाहीर केलं, "आत्याआजी, दाराला मोटर बसवतो. बटण दाबलं की दार उघडेल."

"बसव बापडा. पण दाराला भोक पडता कामा नये."

दार सागवानी, पणजोबांनी करवून घेतलेलं. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ 1935 सालचं. दाराने त्याच्याहून जास्त पावसाळे पाहिलेत असा आत्याचा दावा आहे. घरात कोणाच्याही वयाबद्दल बोलता येतं, दाराच्या नाही.

कबाड्याकडून मोटारीच्या वायपरची बारा व्होल्टची मोटर आली. स्वस्त, दणकट, हळू फिरणारी. मोटर मिळणं सोपं असतं. ती धरायची कुठे, इथे भल्याभल्यांचं घोडं अडतं. सुतार छत्तीसगढीत म्हणाला, "एक ठन छेदा करबो त का हो जाही?" आत्याने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग दुतर्फी चिकटपट्टी आली. आधी न्हाणीघराच्या दारावर लावून पाहिली, हे नशीब. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसाला टेकतो. भर दुपारी पट्टी खाली आली, येताना रंगाचा पोपडाही सोबत घेऊन आली. न्हाणीघराच्या दाराला वंशावळ नसल्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं.

पुतण्याने मग हेरॉनची गोष्ट सांगितली. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या या गृहस्थाने देवळाची दारं आपोआप उघडण्याची युक्ती लिहून ठेवली. वेदीवर अग्नी पेटला की तापलेली हवा पाण्याला ढकलते, पाणी बादलीत पडतं, बादलीच्या भाराने दोऱ्या ओढल्या जातात. दोऱ्या गुंडाळलेल्या जमिनीखाली, दाराच्या खुंटांना. "म्हणजे त्यानेही दाराला भोक पाडलं नाही," आत्या म्हणाली. तिच्या लेखी हेरॉन पास झाला.

शेवटी मोटर भिंतीवर गेली. भिंत चुन्याची, पुन्हा लिंपता येते, असा निवाडा झाला. दाराला आडवी लोखंडी पट्टी पहिल्यापासून होतीच. मोटरच्या दांडीच्या टोकाला जाड लोहचुंबक लावलं आणि ते त्या पट्टीला नुसतं चिकटवलं. मध्ये नमद्याचा तुकडा, ओरखडा नको म्हणून. दांडी बिजागरीपासून जरा लांब धरली, कारण बिजागरीजवळ ढकलायला जोर फार लागतो.

चुंबकाचा खरा गुण वीज गेल्यावर कळला. वायपरच्या मोटरीत वर्म गिअर असतो. मोटर दाराला हलवते, पण दाराला मोटर हलवता येत नाही. दांडी पक्की जोडली असती तर आत्या घरात कोंडली गेली असती. इथे दार हाताने जरा ओढलं की चुंबक सुटतं. चौकट पावसात फुगून दार अडकलं तरी तेच: चुंबक सुटतं, दार शाबूत.

बेल वाजली की आत्या आता खाटेवरूनच बटण दाबते, आणि मग आलंय कोण ते बघायला उठते.

तेव्हा मंडळी, आमच्याकडे या, दार उघडेल. बंद मात्र हातानेच करा. डास फार आहेत.